लिस्बनमध्ये, भूकंपाच्या वाटेने

पोर्तुगालच्या राजधानीचा जुना भाग पायी बघायला गाइड लागतोच असं नाही. रोसियू चौक ते आल्फामा या वाटेवर एक ढोबळ खूण पुरते: गल्ल्या सरळ, आखीव असतील तर त्या १७५५ नंतरच्या, वाकड्यातिकड्या असतील तर आधीच्या.

१ नोव्हेंबर १७५५ ला सर्व संतांचा सण होता. सकाळी चर्चमध्ये गर्दी होती, मेणबत्त्या तेवत होत्या आणि तेवढ्यात भूकंप झाला. पाठोपाठ टागुस नदीच्या मुखातून समुद्राच्या लाटा घुसल्या आणि आगी कित्येक दिवस विझल्या नाहीत.

रोसियूच्या फरसबंदीवर काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. शेजारचं सांव दोमिंगुश चर्च भूकंपात पडलं, पुन्हा उभं राहिलं आणि १९५९ मध्ये आगीत होरपळलं. दुरुस्तीत छप्पर नवं घातलं, खांब मात्र तसेच ठेवले. जवळ जाऊन बघा, दगडाचे ढलपे उडालेले आणि कडा झिजल्यासारख्या दिसतात. बाहेर १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. इथून चढ चढून कार्मूला जावं. तिथल्या मठाच्या चर्चवर छप्पर परत चढलंच नाही, कमानींचे सांगाडे तेवढे उभे आहेत. आतल्या भागात पुरातत्त्व संग्रहालय आहे.

खाली उतरलं की बैशा. हा भाग राजाचा मंत्री, पुढे मार्किस झालेला पोंबाल, याने नव्याने वसवला. चांदीवाल्यांचा रस्ता, चांभारांचा रस्ता अशी नावं आपल्या तांबट आळीसारखी धंद्यावरून पडलेली. इमारतींच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला, म्हणजे हादरा बसला तरी घर एकदम कोसळू नये. नमुना उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं, असं सांगतात.

सरळ रस्ते नदीकाठच्या भव्य चौकात येऊन थांबतात. इथे राजवाडा होता आणि त्याला लागून पूर्वेकडच्या व्यापाराचा कारभार पाहणारी कचेरी. दोन्ही त्या दिवशी गेली. तरी लिस्बनकर चौकाला आजही राजवाड्याचं पटांगणच म्हणतात.

डावीकडे पाच-सात मिनिटांवर टोकदार दगडांनी मढवलेलं काझा दुश बिकुश लागतं. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कच्या मुलाने हे घर बांधलं. वरचे मजले भूकंपात पडले, ते १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. आता इथे नोबेलविजेते लेखक जोझे सारामागू यांच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी आहेत.

पुढे कॅथेड्रलवरून चढत गेलं की रस्त्याची शिस्त सुटते. हे आल्फामा, भूकंपातून बरंचसं वाचलेलं. बोळ, पायऱ्या, वाळत घातलेले कपडे. इथे नकाशा मिटवून ठेवावा आणि चढाच्या दिशेने चालत राहावं. सान्ता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचं एक चित्र आहे, भूकंपाआधीच्या त्या नदीकाठच्या चौकाचं. मघाशी रिकामी दिसलेली जागा या चित्रात राजवाड्याने भरलेली आहे, म्हणून ते शेवटी पाहण्यात मजा.

अर्धा दिवस पुरतो. तळव्याला पकड असलेले बूट घाला, पाऊस पडला की ही फरसबंदी निसरडी होते. पाय बोलू लागले तर सान्ता लुझियाजवळ २८ नंबरची ट्राम मिळते. गर्दीत खिसा तेवढा सांभाळा.