पास झाले, पुढे काय?

बुलडाणा जिल्ह्यात शेतावर राबणाऱ्या माणसाला 'पास' म्हटले की आधी वखराची पास आठवते. मातीखालून फिरणारी, तण कापणारी ती लोखंडी पट्टी. तो शब्द आपल्या मातीतला. आज आम्ही बोलणार आहोत ते दुसऱ्या 'पास'बद्दल. तो इंग्रजीतून आला आणि आपल्या घरात असा बसला की आता त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही.

दहावीचा निकाल लागला की शेजारची म्हातारी विचारते, "काव माय, पोरगी झाली का पास?" खामगावच्या बाजारात कापसाची गाडी उभी असते आणि शेतकरी विचारतो, "माल पास झाला का?" पंचायत समितीच्या दारात प्रश्न असतो घरकुलाचा, बँकेच्या दारात कर्जाचा. नवी गाडी घेतली की तिचे 'पासिंग' होते आणि पाटीवर आपल्या जिल्ह्याचा एमएच २८ लागतो. शाळेच्या लेकरांचा एसटीचा पास असतो. आणि चावडीवर रिकामे बसले तर तो टाइमपास!

एकाच शब्दाचे एवढे अर्थ कसे? त्याचे मूळ पाहिले की उलगडा होतो. इंग्रजांनी हे क्रियापद फ्रेंच भाषेतून घेतले आणि फ्रेंचांकडे ते लॅटिनमधून आले. लॅटिनमध्ये 'पासुस' म्हणजे पाऊल. पास होणे म्हणजे पाऊल टाकून पुढे जाणे, काही तरी ओलांडणे. डोंगरातल्या वाटेलाही इंग्रजीत पासच म्हणतात. मलकापूरहून बुलडाण्याला येताना राजूर घाट लागतो. घाट ओलांडला म्हणजे गाव आले असे होत नाही, पुढची वाट चालावीच लागते. या शब्दाचे सारे मर्म त्यातच आहे. पास म्हणजे मुक्काम नव्हे, पाऊल आहे.

पुढचा भाग घरातल्या विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावा. मुलाखतीत किंवा अर्जात त्याचा उपयोग होईल.

आपण मराठीत 'मी पास आहे' म्हणतो आणि तसेच इंग्रजीत 'आय अ‍ॅम पास' म्हणून मोकळे होतो. ते चूक आहे. 'आय पास्ड' किंवा 'आय हॅव पास्ड' असे म्हणावे. या 'पास्ड'चे स्पेलिंग पी-ए-एस-एस-ई-डी. पी-ए-एस-टी असे लिहिले की उच्चार तोच राहतो, पण ते क्रियापद राहत नाही. त्याचा अर्थ होतो भूतकाळ, किंवा 'अमक्याच्या पलीकडे'. अर्जात हा घोटाळा टाळावा.

'पास आउट' हा शब्द आपल्याकडे कॉलेज संपवले या अर्थाने सर्रास वापरतात. सैन्यात प्रशिक्षण पुरे झाल्यावर 'पासिंग आउट परेड' होते, तिथे तो बरोबर आहे. पण इंग्लंड-अमेरिकेत एखादा 'पास आउट' झाला म्हणजे तो बेशुद्ध पडला असे समजतात! पदवीधराने 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणावे. आणि 'पास्ड अवे' म्हणजे निधन झाले. मागे एक छोटा शब्द लागला की अर्थ कुठून कुठे जातो ते पाहा.

जेवताना 'पास द सॉल्ट' म्हटले तर मीठ इकडे द्या, खेळात 'पास द बॉल' म्हटले तर चेंडू पुढे द्या. कोर्ट 'ऑर्डर पास' करते म्हणजे आदेश देते. मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्टेशनांवर आपण गाडीला पॅसेंजर म्हणत आलो, पण इंग्रजीत पॅसेंजर म्हणजे गाडीत बसलेला प्रवासी. आणि 'नापास' हा शब्द तर इंग्रजीत नाहीच. नालायक, नापसंत यांतला 'ना' घेऊन आपल्या लोकांनी तो घडवला.

आता कायद्याच्या 'पास'कडे वळू. हा अर्थ आपल्या समाजाने पुस्तकातून नाही, अनुभवातून शिकला आहे.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक पास झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या टक्केवारीच्या हिशेबाने कुणी पेढाही वाटला नसता. पण अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलासाठी तो केवढा मोठा घाट होता! त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पासवर बाबासाहेब थांबले असते, तर एखाद्या कचेरीत कारकून झाले असते. ते थांबले नाहीत. १९१२ मध्ये बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

याच बोले यांनी पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव पास करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर दोन्हीकडे पास! पण तळ्याचे पाणी ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. लोकांनी पाणी घेतले, तर त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. प्रकरण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ च्या मार्चमध्ये. ठराव पास होण्यापासून हक्क पक्का होईपर्यंत साडेतेरा वर्षांहून अधिक काळ गेला. मधली सगळी वाट लोकांनी स्वतःच्या पायांनी चालली.

आणि एक बिल पासच झाले नाही. स्त्रियांना वारसा, घटस्फोट यांचे हक्क देणारे हिंदू कोड बिल संसदेत अडकून राहिले, म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यातले बरेच काही पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने आले.

हा इतिहास आजच्या आपल्या घराला लागू आहे. रमाई आवास योजनेत 'घरकुल पास झाले' असे कुणी सांगितले की काही कुटुंबे उत्साहाने जुने घर पाडून बसतात. पण पास म्हणजे मंजुरी. पैसे हप्त्याहप्त्याने, बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे येतात. मंजुरीचा कागद पाहिल्याशिवाय आणि पहिला हप्ता खात्यावर आल्याशिवाय डोक्यावरचे छप्पर काढू नये.

तसेच बारावीचे. विज्ञान शाखेत मुलगा चांगल्या गुणांनी पास होतो, गल्लीत गुलाल उधळतो. मग इंजिनीअरिंगच्या राखीव जागेवर प्रवेश घेताना जात वैधता प्रमाणपत्र मागतात आणि घरात धावाधाव सुरू होते. जुना दाखला सापडत नाही, आजोबांच्या नोंदी मिळत नाहीत. जात पडताळणी समितीकडे अर्ज बारावी चालू असतानाच करावा. परीक्षेचा अभ्यास लेकराने करायचा, तर कागदपत्रांचा अभ्यास आई-वडिलांनी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. 'गावात दहावीपर्यंतच शाळा आहे, आता बस्स झाले' असे म्हणण्याआधी शाळेत जाऊन या पासची चौकशी करावी. एक पास तिला दुसऱ्या पासपर्यंत नेऊ शकतो.

आणि जो नापास झाला त्याचे काय? त्याच्यावर ओरडून काही साधत नाही. मंडळ पुरवणी परीक्षा घेते. शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. पाऊल अडखळले तर माणूस पुन्हा उचलतो.

म्हणून यापुढे कुणी 'पास झाले' म्हणून सांगितले की तोंड जरूर गोड करावे आणि लगेच चार प्रश्न विचारावेत. कुणी पास केले? कागद कुठे आहे? पुढचे पाऊल कोणते? ते कोणत्या तारखेच्या आत टाकायचे? हे चार प्रश्न घरातल्या बाईमाणसांपासून शाळेतल्या लेकरांपर्यंत सर्वांना पाठ असावेत. ज्या घरात ते विचारले जातील, त्या घराचा हक्क कागदावर अडकून राहणार नाही.