क्रीडानिवृत्तीनंतरचे कारकीर्द-संक्रमण आणि महाविद्यालयाची भूमिका

प्रस्तावना :
१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे कुस्तीगीर खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यानंतरची हकीकत मात्र तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० मध्ये. खाशाबांना नोकरी होती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. नोकरी मिळणे म्हणजे पुनर्वसन होणे, हे समीकरण त्यांच्याच उदाहरणात अपुरे ठरते.

संक्रमणाचे स्वरूप :
अन्य व्यवसायांत माणूस साठीच्या आसपास निवृत्त होतो; खेळाडूवर ही वेळ बहुधा तिशी-पस्तिशीत येते. वय, संघनिवडीतून वगळले जाणे, दुखापत आणि स्वेच्छा ही निवृत्तीची प्रमुख कारणे होत. यांपैकी दुखापतीने लादलेली निवृत्ती सर्वाधिक क्लेशकारक असते, कारण तिची पूर्वतयारी झालेली नसते. ब्रूअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये ‘खेळाडू म्हणून असलेली आत्मओळख’ ही संकल्पना मांडून तिच्या मापनाची श्रेणी तयार केली. ही ओळख दृढ असणे सरावाला व जिद्दीला पोषक ठरते. परंतु ती एकमेव ओळख होऊन बसली की खेळ संपताच व्यक्तीपुढे पोकळी निर्माण होते.

कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत याचे दर्शन अगदी रोकड्या स्वरूपात घडते. कुस्ती सुटते, परंतु दूध-बदाम-तुपाचा खुराक चटकन सुटत नाही. मेहनत थांबलेले शरीर सुटू लागते. वस्ताद होणे हा तालमीतील परंपरागत पुढचा मार्ग खरा, पण एका तालमीला वस्ताद लागतात किती ? उरलेल्यांचे काय होते, याची नोंद कोणी ठेवीत नाही.

शासकीय तरतुदी व त्यांची मर्यादा :
महाराष्ट्रात शासकीय नोकरभरतीत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. याखेरीज असामान्य कामगिरी करणाऱ्यांना थेट नियुक्ती दिली जाते. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणाऱ्या सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर यांची महसूल सेवेत झालेली नियुक्ती हे त्याचे ठळक उदाहरण होय. तथापि थेट नियुक्ती हा पराक्रमाचा गौरव आहे; पदकाच्या अलीकडेच थांबलेल्या बहुसंख्य खेळाडूंपर्यंत ती पोहोचत नाही. आरक्षणाच्या बाबतीतही पदासाठी विहित असलेली शैक्षणिक अर्हता खेळाडूला धारण करावीच लागते. द्वितीय वर्षात असताना सराव शिबिरासाठी महाविद्यालय सोडलेला खेळाडू दहा वर्षांनी प्रमाणपत्रांची जाडजूड धारिका घेऊन येतो आणि पदवीच्या रकान्यापाशी अडतो.

व्यावसायिक स्पर्धांमुळे हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. पूर्वी मुंबईतील कबड्डीपटू रेल्वे, बँका वा कंपन्यांच्या संघांतून खेळत. खेळ थांबला तरी खुर्ची राहत असे. २०१४ पासून सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने पैसा व प्रतिष्ठा दिली, हे निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु करार हंगामापुरता असतो. ज्याच्या हाती केवळ करार आहे, त्याला परतण्यासाठी कार्यालय नसते.

केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०२४ मध्ये निवृत्त खेळाडूंसाठी ‘रीसेट’ ही प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत बारावी व त्यापुढील आणि अकरावी व त्याखालील असे शिक्षणाचे दोन स्तर करावे लागले. यातच खेळाडूंच्या शिक्षणाची झालेली हेळसांड अप्रत्यक्षपणे मान्य झाली आहे. ही योजनाही निवृत्तीनंतरच हाती येते. युरोपीय संघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ‘दुहेरी कारकीर्द’ विषयक मार्गदर्शक तत्त्वे मात्र खेळ चालू असतानाच शिक्षण व खेळ यांची सांगड घालण्यावर भर देतात.

महाविद्यालयीन स्तरावरील शक्यता :
ही सांगड मंत्रालयात नव्हे, महाविद्यालयातच घातली जाऊ शकते. बहुतेक ठिकाणी क्रीडा संचालकांचा खेळाडूशी संबंध आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरता आणि विषयशिक्षकांचा त्याच्या अनुपस्थितीपुरता राहतो. दोघांची गाठ पडते ती परीक्षा अर्जाच्या वेळी. वास्तविक २०२१ पासून अस्तित्वात आलेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेमुळे अर्धवट राहिलेल्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक जमा ठेवून पुढे शिक्षण चालू करता येते. ही सोय प्रामुख्याने खेळाडूंसाठी केलेली नसली, तरी तिचा सर्वाधिक लाभ त्यांनाच होऊ शकतो. त्यासाठी शिबिराला निघालेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी करण्यापूर्वी त्याचे खाते उघडलेले आहे का, पूर्ण केलेल्या सत्रांचे श्रेयांक त्यात जमा झाले आहेत का आणि परतल्यावर त्याने कोणाला भेटावयाचे, एवढे तरी एका जबाबदार प्राध्यापकाने त्याच्याशी बसून ठरविणे आवश्यक आहे.