शाळेच्या वाचनालयाची किल्ली कोणाकडे?

सख्यांनो, बैठकीत आपण दशसूत्री म्हणतो. पहिली पाच सूत्रं झोपेतून उठवलं तरी पाठ असतात: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. पुढची पाच मात्र चहा येईपर्यंत उरकली जातात. त्यातलंच एक सूत्र शिक्षणाचं. त्या सूत्राखाली ग्रामसंघाला सहज पेलेल असं एक काम या अंकात समजून घेऊ. गावातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत देणगीतून चांगलं वाचनालय कसं उभं करायचं, आणि ते गावातल्या सगळ्या मुलांचं कसं होईल, हे ते काम.

सुरुवात पैशापासून करू नका. आधी शाळेत जा आणि "वाचनालय कुठंय?" एवढंच विचारा. बहुतेक ठिकाणी एक लोखंडी कपाट दाखवतील. किल्ली टेबलाच्या खणात. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, ते कपाट उघडतं, सतरंजीवर पुस्तकं मांडली जातात, फोटो निघतो आणि पुन्हा कुलूप. यात गुरुजींना, बाईंना नावं ठेवून भागत नाही. पुस्तकं साठा नोंदवहीत चढलेली असतात, एखादं गेलं तर जाब त्यांना द्यावा लागतो. मग हातात देण्यापेक्षा कुलूपच बरं, असं कुणालाही वाटेल.

ही भीती काढायचा रस्ता आपल्याच हातात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं सांगितलंय, त्यात गोष्टीची पुस्तकंसुद्धा आली. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. समितीत किमान पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या बाया. म्हणजे तुमच्या गटातली एक-दोघी त्या समितीत बहुधा आहेतच, निदान कागदावर तरी. त्यांनी समितीत ठराव मांडायचा, की देणगीत आलेली पुस्तकं मुलांना घरी द्यायची, आणि वापरून फाटली किंवा हरवली तर वर्षाअखेरीस समितीसमोर त्यांची नोंद कमी करायची, शिक्षकांवर बोजा टाकायचा नाही. हा ठराव झाल्याशिवाय एकही नवं पुस्तक आणू नका, नाहीतर दुसरं कपाट घ्यावं लागेल.

काय येतं आणि काय मागायचं

"शाळेला पुस्तकं हवीत" असं मोघम सांगितलं की काय येतं ते बघा. जुनी गाईडं, नववी-दहावीचे रद्द झालेले अभ्यासक्रम, स्पर्धा परीक्षांचे जाडजूड ठोकळे, इंग्रजी कोश, कोऱ्या डायऱ्या. देणाऱ्याचं घर रिकामं होतं, आपली शाळा भरते. दुसरीतल्या पोरीला त्यातलं एकही वाचता येत नाही. आणि एकदा पुस्तक कंटाळवाणं असतं असं तिच्या मनानं घेतलं, की पुढं चांगलं पुस्तक आलं तरी ती लवकर हात लावत नाही.

म्हणून यादी आपण द्यायची. फुकट मिळतंय म्हणून काहीही घेऊ नये. बाजारातून बियाणं आणताना आपण पिशवी उलटीसुलटी करून बघतोच ना?

यादीत काय असावं? पहिली-दुसरीसाठी मोठी चित्रं आणि पानावर एक-दोन ओळी. बिनशब्दांची, नुसत्या चित्रांची थोडी पुस्तकं नक्की मागा. ती ऐकू न येणाऱ्या मुलाला चालतात, अक्षर न कळणाऱ्या आजीलाही चालतात, आणि गोष्ट प्रत्येक जण आपल्या भाषेत सांगू शकतो. मोठ्या मुलांना विज्ञान, प्राणी, प्रवास, हातानं करून बघायच्या गोष्टी, विनोद. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात आणि मराठीत मिळतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची, माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघा, त्यातली घरं आणि माणसं ओळखीची वाटतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. एखाद्या देणगीदारानं त्याची वर्षाची वर्गणी भरली तरी दर महिन्याला शाळेत काहीतरी नवं येतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीतल्या शेकडो गोष्टी मोबाईलवर फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. तशी परवानगीच दिलेली आहे.

यादी पक्की करायच्या आधी मुलांना विचारा. आपण ठरवलं तर बोधकथा आणि थोरांची चरित्रं एवढंच येईल. त्यांना भुतं, बैल, क्रिकेट आणि अंतराळ हवं असतं. हवं ते द्या, बोधाची घाई नको.

आता खर्च. चांगल्या चित्रांचं मराठी पुस्तक सरासरी १०० रुपये धरा. ६० पटाची शाळा असेल आणि मुलामागे ३ पुस्तकं धरली तर १८० पुस्तकं, म्हणजे १८,००० रुपये. दोन शेळ्यांचे पैसे. एकदम जमत नसेल तर ५० पुस्तकांनी सुरू करा. एक लक्षात ठेवा, छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. बिलात कुणी लावला तर विचारा. आणि प्रकाशकाकडून थेट घेत असाल तर शाळेच्या नावानं सूट मागा, मागितल्याशिवाय मिळत नाही.

देणगीदार कोण आणि पैसा कुठं ठेवायचा

मोठ्या कंपनीच्या मागे लागण्याआधी गावाकडं बघा. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेले शाळेचे माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, दूध डेअरी, पतसंस्था, दवाखाना. वाढदिवसाच्या केकऐवजी पाच पुस्तकं, असं एका घरानं केलं की पुढच्या घराला सांगावं लागत नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, त्याचं काय झालं ते ग्रामसभेत विचारा. समग्र शिक्षा योजनेतही शाळेच्या स्तराप्रमाणे ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. आपल्या शाळेला ते कधी आलं, त्यातून काय घेतलं, हे मुख्याध्यापकांकडून समजून घ्या. सरकारनं द्यायचं ते देणगीदाराकडून मागत बसू नये, असं माझं मत.

पत्र लहान लिहा. असं काहीसं: "आमच्या शाळेत पहिली ते पाचवीची ६० मुलं आहेत. त्यांच्या आवडीनं केलेली ५० पुस्तकांची यादी सोबत जोडली आहे. आपण यातली १० घेऊन दिलीत तर बरं होईल. पुस्तकं कोणी कितीदा नेली हे सहा महिन्यांनी कळवू." यात हात पसरणं नाही. काय हवं आणि बदल्यात कोणता हिशेब मिळेल, दोन्ही सांगितलंय. आणि सहा महिन्यांनी खरंच कळवा. दुसऱ्यांदा देणगी देणारा माणूस तिथंच तयार होतो.

पैसा गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या बचत खात्यात अजिबात घेऊ नका. आपले लेखे गुंतायला वेळ लागत नाही, आणि लेखापरीक्षणात उत्तर देता देता नाकी नऊ येतात. रोख असो की धनादेश, तो शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात, पावतीसह. त्याहून सोपं म्हणजे देणगीदारानं पुस्तकंच विकत घेऊन द्यावीत आणि बिलाची प्रत शाळेत ठेवावी.

काही जण ८०जी ची पावती मागतात. ती मान्यताप्राप्त संस्थेलाच देता येते, बचतगटाला नाही. खोटं आश्वासन देऊ नका. कंपन्यांचं सीएसआरचं काम २०१३ च्या कंपनी कायद्याखाली चालतं. शिक्षण त्यात बसतं, पण कंपनी ते स्वतः करते किंवा त्यासाठी नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत करते. त्यांच्याकडं यादी घेऊन जा, पैसे मागू नका. परदेशी माणूस किंवा संस्था देत असेल तर केंद्र सरकारच्या एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाही. गावचाच पोरगा आखातात असेल, भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते त्यात धरत नाहीत.

एक आणखी. देणाऱ्याच्या नावाचा मोठा फलक आणि पोरांना रांगेत उभं करून पुस्तक हातात देतानाचा फोटो, हे टाळा. पुस्तकाच्या आतल्या पानावर नाव लिहिलं तरी पुरे. पोरं काही उपकाराखाली वाढत नाहीत, हे देणाऱ्यालाही सांगता येतं, गोड बोलून.

कोण राहून जातं?

वाचनालय सुरू झाल्यावर महिनाभरानं नोंदवही बघा. कोणाचं नाव एकदाही नाही? हुशार पोरं पाच-पाच पुस्तकं नेतात, काही नावं कोरीच असतात. खरं काम इथं सुरू होतं.

घरी गोरमाटी, अहिराणी, कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी परकी लागते. त्याच्या भाषेतलं पुस्तक दुकानात मिळणं अवघड. मग ते आपणच करायचं. गटातल्या ज्या सासूबाई "मला काय येतं लिहायला" म्हणतात, त्यांच्याकडं गोष्टी, कोडी, उखाणे पोतंभर असतात. शनिवारी त्यांना शाळेत बोलवा. त्यांनी सांगायचं, चौथी-पाचवीच्या मुलांनी त्याच भाषेत देवनागरीत लिहून घ्यायचं, लहानांनी चित्रं काढायची. दोऱ्यानं शिवलं की झालं पुस्तक. त्यालाही नंबर द्या, यादीत चढवा. विकतच्या पुस्तकांइतकंच, कधी जास्तही, ते फिरतं.

कमी दिसणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या मुलासाठी शिवणकाम येणाऱ्या सख्यांनी कापडी पुस्तक करावं. पानावर गोणपाटाची जमीन, लोकरीची मेंढी, बटणांचे डोळे. बोटांनी वाचता येतं, आणि बाकीची मुलंही त्यासाठी भांडतात. चाकाच्या खुर्चीवरचं पोर किंवा पहिलीतलं बुटकं पोर वरच्या फळीपर्यंत पोचत नाही. जुन्या साड्यांचे खिसे शिवून कमरेच्या उंचीवर भिंतीला लावा, किंवा दोरी बांधून पुस्तकं टांगा. मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे. कपाटात पुस्तकांच्या नुसत्या पाठी दिसतात, आणि पाठ बघून कोणी उचलत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलांचं वेगळं आहे. दिवाळीच्या आगेमागे निघालेलं पोर मार्च-एप्रिलमध्ये परततं. तोवर वाचलेलं विसरतं, आणि परत आल्यावर मागच्या बाकावर जातं. निघतानाच त्याच्या हातात आठ-दहा पुस्तकांची पिशवी द्या. कोपीवर फाटतील, भिजतील, हरवतील. हरवू देत. हजार रुपयांच्या पुस्तकांत त्याचं वाचन पाच महिने जिवंत राहिलं तर तो सौदा आपल्यापैकी कोणीही करेल. ज्या घरातलं पोर आजी-आजोबांकडं मागं राहतं, त्याच्यासाठी संध्याकाळी गटातली एखादी ताई मोठ्यानं वाचून दाखवू शकते.

आणि मुली. शाळा सुटली की धाकट्याला सांभाळायचं, पाणी, सरपण. म्हणून "शाळा सुटल्यावर वाचनालय उघडं" हे तिच्यासाठी बंदच असतं. तिला पुस्तक घरी न्यायला मिळालंच पाहिजे, आणि वाचत बसली तर "कामं सोडून काय करतेस" हे आपल्याच तोंडून येतं, ते जरा आवरावं लागेल.

देवाणघेवाण

हे तुम्हाला शिकवायला नको. अंतर्गत कर्जाचं रजिस्टर जसं, तसंच पुस्तकांचं: तारीख, नाव, पुस्तकाचा नंबर, परत आल्याची तारीख. ते पाचवीच्या मुलांना लिहू द्या, दर महिन्याला दोघं नवे. गटातल्या दोघींनी आठवड्यातून एक दिवस वाटून घेतला तर शिक्षकांवर भार पडत नाही.

फरक एकच. इथं दंड नाही. गटात हप्ता चुकला तर दंड असतो, कारण तो पैसा दुसरीच्या गरजेचा असतो. पुस्तकाला दंड लावला की गरिबाचं पोर न्यायचंच थांबतं, आणि आपण पुन्हा त्या कुलपापाशी येतो. फाटलं तर खळ लावून चिकटवायचं, शनिवारी मुलांनाच बसवून.

एप्रिलमध्ये सगळी पुस्तकं मोजा. सर्वात मळकं पुस्तक कोणतं ते बघा, त्याची आणखी एक प्रत हवी. वर्षभर कोरं राहिलेलं कोणतं, ते मुलांना विचारून शेजारच्या शाळेशी बदला. गेलेल्यांची नोंद समितीसमोर कमी करा. यातूनच पुढच्या वर्षाची यादी तयार होते. तिच्या चार झेरॉक्स काढून ठेवा, एक ग्रामसंघाच्या फाईलला, एक मुख्याध्यापकांकडं, आणि दोन जूनमध्ये जो कोणी "शाळेला काहीतरी द्यायचंय" म्हणत येईल त्याच्यासाठी.