अंगठ्याचा अंदाज आणि पंपाचा काटा

घरची सायकल : लेखांक 6

मागच्या लेखानंतर साखळीला तेल घातलं, तरी सायकल जडच चालते, असं दोघातिघांनी सांगितलं. मी प्रत्येकाला एकच विचारलं : हवा कधी भरली होती? उत्तर ठरलेलं. "हवा आहे की! कालच दाबून बघितली."

दाबून बघितल्यावर हवा आहे एवढं कळतं. किती आहे, ते अंगठ्याला कळत नाही. माझ्या सायकलचे टायर 35 मिलिमीटर रुंदीचे आहेत आणि त्यांच्या कडेवर 50 ते 75 पीएसआय असं उमटवलेलं आहे. (पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा दाब.) परवा रविवारी मागचं चाक दाबून पाहिलं, चांगलं टणक लागलं. मग पंपाची नळी लावली, तर काटा 36 वर. चाळीस वर्षं सायकल चालवणाऱ्या अंगठ्याची ही गत!

यात अंगठ्याचा दोष नाही. बोटाला जे जाणवतं, तो बराचसा टायरच्या कापडाला बसलेला ताण असतो, आणि तो ताण नुसत्या दाबावर नाही, टायरच्या जाडीवरही ठरतो. टायर दुप्पट जाड असेल, तर निम्म्या दाबालाच कापड तेवढं ताणलं जातं. म्हणून 50 मिलिमीटरचा रेंजर सायकलचा टायर 40 पीएसआयला जेवढा ताठ होतो, तेवढा ताठ व्हायला 25 मिलिमीटरच्या रेसिंग टायरला 80 लागतात. दोन्ही सायकली एकाच अंगठ्याने तपासल्या, तर एकीत हवा कमी राहणार नाही तर दुसरीत जास्त होणार.

आता हा दाब चाकाखाली काय करतो ते बघा. सायकल आणि स्वार मिळून 80 किलो धरू. त्यातले साधारण 48 किलो, म्हणजे 106 पौंड, मागच्या चाकावर येतात. हवा 50 पीएसआय असेल, तर रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम दोन चौरस इंचांचा. म्हणजे तुम्ही, तुमचं दप्तर आणि सायकल यांचा निम्म्याहून जास्त भार तळहाताच्या कोपऱ्यात मावेल एवढ्या रबरावर. दाब 25 वर आला की तोच भाग दुप्पट होतो. मग प्रत्येक फेऱ्यात टायरचा तेवढा जास्त भाग दबतो आणि पुन्हा वर येतो. पायडलवर लावलेला जोर त्या मळण्यात जातो. सायकल जड लागते ती यामुळे, साखळीमुळे नव्हे.

आणि हवा जाते कुठे? पंक्चर नसतानाही ती जाते. ट्यूबचं रबर कितीही चांगलं असलं, तरी हवा त्यातून सावकाश झिरपत राहते. बारीक टायरमध्ये हवा थोडी आणि दाब जास्त, त्यामुळे त्यांचा काटा आठवड्यातच खाली येतो. जाड टायर दोन-तीन आठवडे निभावतात.

कमी हवेचं खरं नुकसान खड्ड्यात होतं. डबलसीट जाताना मागचं चाक खड्ड्याच्या कडेवर आपटतं, टायर पार चेपतो आणि ट्यूब कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते. पंक्चरवाल्याने ती घमेल्यातल्या पाण्यात फिरवली की शेजारी-शेजारी दोन जागी बुडबुडे येतात, साप चावल्यासारखे. तो टायरच्या आतून बोटं फिरवतो, काटा नाही, खिळा नाही. तुम्ही दोन ठिगळांचे पैसे देता आणि पुन्हा अंगठ्याने दाबून निघता. दोन भोकं शेजारी-शेजारी दिसली, तर रस्त्याला शिव्या देण्याआधी पंप घ्या.

किती भरायची याचं उत्तर टायरच्या कडेवरच आहे. चिखल पुसून उजेडात वाचा. वरचा आकडा मर्यादा आहे, तो गाठायलाच हवा असं नाही. हलक्या माणसाने खालच्या आकड्याच्या जवळ राहावं, वजनदार माणसाने किंवा कॅरिअरवर पोरगं बसवणाऱ्याने वरच्या. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी चालते. भरमसाट भरली तर सायकल प्रत्येक गचक्याला उडते आणि पावसात पेव्हर ब्लॉकवर पकड सुटते.

जुन्या काळ्या सायकलींची गोष्ट वेगळी. त्यांच्या व्हॉल्व्हवर रबराची बारीक व्हॉल्व्हट्यूब चढवलेली असते. ती ओलांडून हवा आत जाते, पण आतला दाब बाहेर काट्यापर्यंत येत नाही. त्यामुळे पंपाचा काटा तिथे खरा आकडा सांगत नाही. त्या सायकलवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी मागचं चाक बघायला सांगा. जमिनीलगत टायर किंचित फुगलेला दिसावा, पसरलेला नको. आणि रोज सकाळी चाक बसलेलं सापडत असेल, तर ट्यूब काढण्याआधी पंक्चरवाले करतात ते करा : व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा आला तर व्हॉल्व्हट्यूब कडक झाली आहे. ती बदलली की काम झालं. माझ्या वडिलांच्या सायकलच्या हँडलला सुटी व्हॉल्व्हट्यूब दोऱ्याने बांधलेली असायची.

पेट्रोल पंपावर मात्र जपून. तिथला कॉम्प्रेसर मोटारींसाठी असतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते ती केवढीशी, ती क्षणात भरते आणि हात मागे घ्यायच्या आत टायर रिमवरून निसटून ट्यूब फुटते. काटा असलेला उभा पंप घरात असावा, एवढा खर्च मी कुणालाही आग्रहाने करायला लावतो. नळी काढताना फस्स आवाज येतो तो बहुतेक नळीतल्या हवेचा. त्याला घाबरून पुन्हा दोन हात मारू नका.

उन्हाळ्यात चाक उन्हात फुटतं, असं विदर्भ-मराठवाड्यातली माणसं सांगतात. हिशोब करून बघितला : सकाळी 25 अंशाला 60 पीएसआय भरलं आणि दुपारी टायर 45 अंशांपर्यंत तापला, तर दाब वाढतो साधारण 5 पीएसआय. एवढ्याने धडधाकट टायर फुटत नाही. पण आधीच ठासून भरलेला असेल, किंवा जुन्या ठिगळाचं सोल्युशन उन्हाने ढिलं झालं असेल, तर ते पाच पुरेसे होतात. म्हणून सायकल सावलीत लावा, आणि हवा मोजायची ती सकाळी, चाकं गार असताना.