जुन्या डिझेल मोटारीची घरगुती परीक्षा

घरांत माणूस आजारी पडला म्हणजे आपण त्याची नाडी पाहतों, जीभ पाहतों, काल काय खाल्लें तें विचारतों आणि मग वैद्याकडे जातों. दारांतील मोटार आजारी पडली असतां मात्र एकदम मेस्त्रीला हांक मारतों आणि तो सांगेल ती किंमत मोजतों. दहापंधरा वर्षें वापरलेली टर्बो-डिझेल मोटार सातारा-सांगलीकडील कित्येक एकत्र कुटुंबांत आज आहे. वृद्धांना इस्पितळांत नेणें, लेकींना माहेरीं आणणें, कुलदैवताला जाणें, हीं सर्व कामें तीच करते. ती विकावी कीं राखावी असा प्रश्न निघाला कीं घरांत दोन पक्ष पडतात. त्याचा निर्णय रागलोभानें न होतां परीक्षेनें व्हावा, एवढाच या लेखाचा हेतु.

डिझेल यंत्राची विद्या या प्रांताला परकी नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं वसविलेली किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांतच आहे. त्याच घराण्यानें १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. साताऱ्यास धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यांतहि डिझेल इंजिनें तयार झालीं. विहिरीवरील इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्याचा दोष सांगणारे शेतकरी इकडे गांवोगांव असत. मोटारीचें इंजिन त्याच कुळांतलें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा अतिशय दाबली म्हणजे तापते आणि तींत सोडलेलें डिझेल आपोआप पेटतें. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचें चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें व जास्त हवा आंत लोटतें. ही युक्ति आल्फ्रेड ब्यूशी नांवाच्या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं शोधिली. तेव्हां हवा, डिझेल, दाब आणि वंगण या चारांपैकीं कोठें उणें आहे, हेंच शोधावयाचें असतें.

आपल्या वैद्यकांत दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध परीक्षा आहे. ती येथेंहि लागू पडते. प्रथम प्रश्न. दोष गाडी थंड असतां दिसतो कीं तापल्यावर? चढावर कीं सपाटीवर? नुकतेंच कांहीं काम केलें होतें काय?

मग दर्शन. धूर काळा असेल तर डिझेलच्या मानानें हवा कमी पडते: हवेचा फिल्टर तुंबलेला, नळी फुटलेली, किंवा इंजेक्टर बिघडलेला. निळा असेल तर वंगणतेल जळत आहे: टर्बोचें सील अथवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. थंडीच्या सकाळीं क्षणभर पांढरा धूर येऊन गाडी कष्टानें सुरू झाली तर ग्लो प्लग तपासावे. गाडी तापल्यावरहि तो टिकला आणि रेडिएटरांतील पाणी घटत गेलें, तर हेड गास्केटची शंका घ्यावी व गाडी चालवूं नये.

शेवटीं स्पर्शन. सांगलीच्या एका स्नेह्यांची गाडी चढावर दम टाकी आणि काळा धूर सोडी. एका दुकानांत टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्चाचा आंकडा ऐकून गाडी विकण्याचेंच ठरत होतें. त्यांच्या पुतण्यानें इंजिन थंड असतां एकेक रबरी नळी चाचपून पाहिली, तों इंटरकूलरकडे जाणारी नळी खालच्या बाजूस, दृष्टीआड, उललेली आढळली. नळी बदलली, टर्बो तोच राहिला, आणि विकण्याचें बोलणें तेथेंच थांबलें.

उपचाराचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. हवेचा फिल्टर, डिझेल फिल्टरांत सांचलेलें पाणी, नळ्या, वंगणतेल. मग इंजेक्टर व टर्बो. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि तारीख, किलोमीटर व परिणाम वहींत टिपावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणत्या औषधाचा तें कळत नाहीं.

कांहीं गोष्टी मात्र घरीं करूं नयेत. कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक असतो. त्याची धार कातडींतून आंत शिरते. म्हणून त्या नळ्या घरीं सोडूं नयेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरूं नये, तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये, बंद जागेंत इंजिन चालवूं नये.

जास्त डिझेल सोडून गाडीची शक्ति वाढविण्याचा छंद तरुणांना असतो. त्यानें उष्णता वाढते, पिस्टन व टर्बो दोन्ही धोक्यांत येतात, आणि मागून येणाऱ्याच्या छातींत धूर जातो. यंत्र कारखानदाराच्या मापावर परत आणणें हेंच खरें ट्यूनिंग. त्याचप्रमाणें खंबाटकीचा घाट चढून थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करतां मिनिटभर मंद चालूं द्यावें. टर्बोचें वंगण जळत नाहीं.

पंधरा वर्षें झाल्यावर नोंदणीचें नूतनीकरण करतांना तपासणी द्यावी लागते. त्यापूर्वीं वही उघडून हिशेब पाहावा. इंजिन बरें होण्याजोगें असेल तर गाडी राखावी; पण सांगाडा गंजला असेल तर इंजिन कितीहि गोड चालो, घरच्या माणसांना तींत बसवूं नये.