शेजारी नुसतं बसणारं कुणी

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाण्याची अवस्था, असलेली माणसं एकमेकांना ज्या युक्त्या सांगतात, त्यांत 'बॉडी डबलिंग' वरच्या क्रमांकावर असते. नाव भारदस्त, पण गोष्ट साधी: दुसरं माणूस शेजारी आपलं काम करत बसलं की आपलंही सुरू होतं. बोलायचं नाही, तपासायचं नाही. अभ्यासिकेत शेकड्यांनी बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं हे नाव न ऐकताच तेच करतात.

पण शेजार दर वेळी जवळ मिळतोच असं नाही. अहिल्यानगर क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे 17 हजार चौ. किमी. अकोले एका टोकाला, जामखेड दुसऱ्या. अशा दोन टोकांच्या माणसांना शेजार मिळतो तो व्हिडिओ कॉलवरच. बाकी युक्त्या घरगुती: उद्या न्यायची फाइल चपलांवर ठेवणं, किंवा 25 मिनिटांचा गजर लावून तेवढंच काम करणं.

युक्ती उसनी घ्यावी, गोळी नाही. एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध, औषधविषयक नियमांच्या परिशिष्ट 'एक्स'मध्ये मोडतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. निदानही स्वतःचं स्वतः करू नये. मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या डीएसएम-5नुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावी लागतात, म्हणून मोठ्यांच्या तपासणीतही आईची आठवण आणि शाळेचं जुनं प्रगतिपुस्तक कामी येतं.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही.

मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस, मोफत, चोवीस तास, मराठीतही: 14416.