कांचपात्रांतील मेंदूचा अंश

मनुष्याचा मेंदू घडत असतां पाहण्याची संधि शास्त्रज्ञांस फारशी मिळत नसे. मातेच्या उदरांत तो आकार घेत असतो. तेथें हात घालणें उचितहि नव्हे व शक्यहि नव्हे. उंदरावरून अनुमान करावें, तर उंदीर तो उंदीरच! मग या बंद दाराची किल्ली कशी सांपडली, तें आम्ही वाचकांस थोडक्यांत सांगूं इच्छितों.

आपला देह एकाच पेशीपासून उत्पन्न होतो. तिच्या विभागणीनें होणाऱ्या आरंभींच्या पेशींच्या अंगीं शरीरांतील कोणताहि भाग होण्याची योग्यता असते. त्यांस मूलपेशी म्हणतात. पुढें कोणी त्वचा होते, कोणी रक्त, कोणी मज्जापेशी. आणि एकदां असा धंदा पत्करल्यावर पेशी मागें फिरत नाहीं, अशी पुष्कळ काळ समजूत होती. परंतु इ. स. १९६२ मध्यें इंग्लंडांतील जॉन गर्डन यांनीं बेडकाच्या पिलाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्र अंड्यांत घालून त्यापासून नवीं पिलें वाढविलीं. इ. स. २००६ मध्यें जपानांतील शिन्या यामानाका यांनीं उंदराच्या साध्या पेशींत चारच जनुकें घालून त्यांस पुनः मूलपेशींच्या अवस्थेस आणिलें, व पुढच्याच वर्षीं मनुष्याच्या पेशींवरहि तो प्रयोग साधला. इ. स. २०१२ चें नोबेल पारितोषिक या दोघांस मिळालें.

या शोधाचा एक विलक्षण उपयोग इ. स. २०१३ मध्यें व्हिएन्ना येथें मॅडलीन लँकेस्टर या विदुषीनें युर्गेन नोब्लिख यांच्या प्रयोगशाळेंत करून दाखविला. त्यांनीं मूलपेशींपासून केलेला बारीक गोळा मॅट्रिजेल नांवाच्या चिकट पदार्थाच्या थेंबांत बसविला आणि पोषक द्रवांत सतत ढवळत ठेविला. गोळ्यास रक्तवाहिन्या नसतात. म्हणून प्राणवायु व अन्न त्यास बाहेरूनच पोंचवावें लागतें. गोळा सुमारें चार मिलिमीटर वाढला. त्यांत कोठें मेंदूच्या बाह्य भागाचे थर, तर कोठें डोळ्याच्या पडद्याचा अंश पेशींनीं आपण होऊनच रचिला होता! अशा गोळ्यास ऑर्गनॉइड म्हणतात.

हें केवळ कौतुक नव्हे. कांहीं बालकें जन्मतःच फार लहान मेंदू घेऊन येतात. अशा एका रुग्णाच्या त्वचेच्या पेशींपासून केलेले गोळे लहानच राहिले, व त्याचें कारणहि उघड झालें. ज्या पेशींनीं आधीं आपली संख्या वाढवावयाची, त्या वेळेपूर्वींच मज्जापेशी बनून गेल्या. बियाणें म्हणून राखलेलें धान्यच दळून खाल्लें, तर पुढील हंगामास पीक कोठून येणार? इ. स. २०१६ मध्यें झिका रोगाचा विषाणु नेमक्या याच बीजरूप पेशींचा नाश करितो, हेंहि अशा गोळ्यांवरून दिसून आलें. इ. स. २०२१ मध्यें केंब्रिज येथें लँकेस्टर यांच्या मंडळीनें मनुष्य, चिंपँझी व गोरिला यांच्या गोळ्यांची तुलना केली. या पेशींचा आकार पालटण्यास वानरांत सुमारें पांच दिवस लागले, तर मनुष्यांत सात. या विलंबांत पेशी अधिक वाढतात. मनुष्याच्या मोठ्या मेंदूचें एक कारण हेंच असावें.

आतां विचारी वाचक पुसेल, त्या गोळ्यास कांहीं कळतें काय? मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८६०० कोटी मज्जापेशी असतात. त्यापुढें हा गोळा म्हणजे केवळ कण होय. त्यास डोळे नाहींत, कान नाहींत, देह नाहीं. म्हणून त्यास ‘लहान मेंदू’ म्हणणें आम्हांस भ्रामक वाटतें. तथापि इ. स. २०१९ मध्यें कॅलिफोर्नियांत अशा गोळ्यांत तालबद्ध विद्युत्‌लहरी आढळल्या, आणि इ. स. २०२२ मध्यें स्टॅनफर्ड येथें उंदराच्या पिलांच्या मेंदूंत बसविलेल्या मानवी पेशींनीं त्यांच्या मिशांस झालेल्या स्पर्शास प्रतिसाद दिला. उद्यां हे गोळे अधिक पूर्णत्वास आले, तर कोठें थांबावें, याचा विचार आजच झाला पाहिजे. ज्याची त्वचा घेतली, त्याची पूर्ण संमति असावी हें तर उघडच आहे. रोग्याचें दुःख हरण करण्याकरितां ज्ञान मिळवावें, हें योग्यच. परंतु जेथें वेदना असण्याचा संभव उत्पन्न होईल, तेथें जिज्ञासेनें आपला हात आवरावा, असें आमचें मत आहे. ही रेषा आंखण्याचें काम एकट्या शास्त्रज्ञांचें नव्हे. तें आजच्या विद्यार्थ्यांसहि उद्यां करावें लागणार आहे.